भाषा नव्हे, पत्ता : कॉलेजप्रवेशाचा केंद्रीय कायदा आणि आपण

(मंडळाच्या इंदूर येथील पालक-मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दहावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांत एक प्रश्न निघतो : "पोराला पुण्याला पाठवायचं का?" हैदराबादेत पुण्याऐवजी लातूर किंवा नांदेड म्हणतात, बेळगावात कोल्हापूर म्हणतात, वडोदऱ्यात मुंबई म्हणतात. प्रश्न तोच. आजी म्हणते, मावशी आहे तिथे, जेवणाची सोय होईल. वडील फीचा हिशेब मांडतात. या सगळ्या चर्चेत एक गोष्ट मात्र कोणी विचारत नाही. ती अशी : पोर त्या दोन वर्षांसाठी राज्याची हद्द ओलांडून गेले, तर कायद्याच्या नजरेत ते कुठले ठरते?

आजचे माझे बोलणे एवढ्यापुरतेच आहे. आपण इथे तीन-तीन, पाच-पाच पिढ्या राहतो. होळकरांबरोबर, शिंद्यांबरोबर, गायकवाडांबरोबर आपले पूर्वज आले. मनाने आपण दोन्हीकडचे आहोत. कॉलेजच्या प्रवेश-अर्जात मात्र "दोन्हीकडचे" असा रकाना नसतो. तिथे विचारतात, राहता कुठे, शिकलात कुठे, किती वर्षे. भाषा त्या अर्जात फार थोड्या ठिकाणी येते, आणि जिथे येते तिथे आपण ती भरत नाही. हे दोन मुद्दे आज मला तुमच्यापुढे ठेवायचे आहेत.

कायदा कोणाचा?

सुरुवातीला थोडे घटनेविषयी. मूळ घटनेत शिक्षण हा राज्यांचा विषय होता. उच्च शिक्षणाचा दर्जा ठरवणे आणि त्यात सुसूत्रता राखणे, एवढा अधिकार केंद्राच्या यादीत ६६व्या क्रमांकाच्या नोंदीने दिलेला होता. १९७६ साली ४२व्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती यादीत गेले, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येऊ लागला, आणि दोघांत विरोध आला तर सामान्यतः केंद्राचे चालते. त्यामुळे आज प्रवेशाची चौकट दिल्लीत ठरते आणि त्या चौकटीत कोणाला किती जागा, हे बऱ्याच अंशी भोपाळ, बंगळूर, गांधीनगर, पणजी, हैदराबाद इथे ठरते. परीक्षा केंद्राची, दाखला राज्याचा. आपली गाडी अडते ती या दोहोंच्या सांध्यावर.

आता हा सांधा पहिल्यांदा कुठे तपासला गेला, तर आपल्याच गावात.

इंदूरचा खटला

आपले महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालय तुम्हा सर्वांना माहीत आहे. १९५२ साली दिल्लीचे रहिवासी असलेले एक विद्यार्थी तिथे दाखल झाले. तेव्हा मध्यभारत राज्य होते. राज्यातल्या विद्यार्थ्यांनी नेहमीची फी भरायची आणि बाहेरच्यांनी तिच्यावर वर्षाला दीड हजार रुपये कॅपिटेशन फी द्यायची, असा नियम होता. दीड हजार म्हणजे त्या काळात किती, ते जुन्या मंडळींनी आठवावे! ते विद्यार्थी सर्वोच्च न्यायालयात गेले. म्हणणे असे की, घटनेच्या १५व्या कलमाने जन्मस्थानावरून भेदभाव करायला बंदी आहे, मग हा भेद कसा?

१९५५ साली निकाल लागला. डी. पी. जोशी विरुद्ध मध्यभारत राज्य, हा तो खटला. न्यायालयाने बहुमताने सांगितले की, जन्मस्थान वेगळे आणि निवास वेगळा. घटनेने बंदी केली ती जन्मस्थानावरून भेद करायला. निवासावरून फरक करायला त्या कलमात बंदी नाही. राज्य आपल्या पैशाने कॉलेज चालवते, तिथे शिकलेला इथला मुलगा पुढे इथेच दवाखाना काढण्याचा संभव असतो, म्हणून राज्याने इथल्यांना सवलत दिली तर ती वाजवी आहे.

मंडळी, सत्तर वर्षे होऊन गेली, पण प्रवेशाचा सगळा डोलारा आजही याच फरकावर उभा आहे. त्याला जोडून घटनेचे २९वे कलम वाचा. त्याचे दुसरे उपकलम सांगते की, सरकारी किंवा सरकारी मदत घेणाऱ्या संस्थेत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा यांच्या कारणावरून कोणाही नागरिकाला प्रवेश नाकारता येणार नाही. म्हणजे तुमची मातृभाषा मराठी आहे म्हणून भोपाळच्या किंवा हुबळीच्या सरकारी कॉलेजला तुम्हाला बाहेर ठेवता येत नाही. पण तुमचे पोर आमच्या राज्यात राहिले नाही, शिकले नाही, म्हणून बाहेर ठेवता येते. भाषेवरून दार लावता येत नाही, पत्त्यावरून लावता येते. हे एक वाक्य घरी जाताना बरोबर न्या.

पंधरा आणि पंच्याऐंशी

पत्त्यावरून दार लावायचे, तर किती लावायचे? १९८४ साली प्रदीप जैन खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांच्या पीठाने हा प्रश्न हाती घेतला. भारताचा नागरिक सगळीकडे एकच, राज्याराज्याचे वेगळे 'डोमिसाईल' असे काही कायद्यात नाही, हे त्यांनी स्पष्ट केले. तरीही स्थानिक विद्यार्थ्यांसाठी काही जागा राखायला त्यांनी संमती दिली आणि उरलेल्या जागा देशभरासाठी खुल्या ठेवायला सांगितले. पुढे १९८६ च्या दिनेशकुमार खटल्यात प्रमाण बदलले आणि सरकारी वैद्यकीय कॉलेजांतल्या एम.बी.बी.एस.च्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात आल्या. म्हणून आजही आपण "पंधरा टक्के" आणि "पंच्याऐंशी टक्के" असे बोलतो. पंधरात देशभरातली मुले एकमेकांशी झुंजतात, पंच्याऐंशीत राज्यातली.

पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाचे मात्र वेगळे आहे. २९ जानेवारी २०२५ रोजी तन्वी बहल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, एम.डी., एम.एस.च्या जागा केवळ निवासावर राखणे घटनेच्या समानतेच्या तत्त्वाला धरून नाही. त्याच कॉलेजातून एम.बी.बी.एस. झालेल्यांना काही प्रमाणात प्राधान्य देता येते. म्हणजे पत्त्याचे वजन पहिल्या पायरीवर सर्वांत जास्त आहे आणि वर जाल तसे ते उतरते. आपल्या पालकांना काळजी घ्यायची आहे ती या पहिल्या पायरीची.

दोन वर्षांची गंमत

आता पुन्हा त्या पुण्या-लातूरच्या प्रश्नाकडे येऊ.

समजा, हैदराबादेत काचीगुड्याला राहणारे एक मराठी कुटुंब आहे. निजामाच्या काळापासून तिथेच. मुलगी हुशार, डॉक्टर व्हायचे म्हणते. दहावी झाली आणि घरच्यांनी तिला लातूरला पाठवले, कारण लातूरचे नाव मोठे. दोन वर्षांनी ती बारावी झाली, नीट दिली, गुण चांगले पडले. आता प्रवेश कुठे?

तेलंगणचा नियम सांगतो की, राज्याच्या कोट्यासाठी बारावीपर्यंतची शेवटची सलग चार वर्षे राज्यात शिक्षण झालेले असले पाहिजे आणि बारावीही तिथूनच झाली पाहिजे. हा नियम वादात सापडला, उच्च न्यायालयाने तो सैल केला, राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नियम कायम केला. सरकारी कर्मचाऱ्यांच्या बदलीसारख्या काही कारणांसाठी अपवाद आहेत. "लातूरचे क्लास चांगले" हे त्या अपवादांत बसत नाही. तेव्हा चार पिढ्या हैदराबादेत राहिलेल्या कुटुंबाची ही मुलगी तेलंगणात बाहेरची ठरली.

मग महाराष्ट्र? तिथे राज्याच्या कोट्यासाठी सर्वसाधारणपणे डोमिसाईल प्रमाणपत्र लागते आणि दहावी व बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात. तिची दहावी हैदराबादची. आडनाव देशपांडे असो, पाटील असो की कांबळे, घरात मराठी बोलत असोत की नसोत, त्याचा इथे काही उपयोग नाही. ती महाराष्ट्रातही बाहेरची. पंच्याऐंशी टक्क्यांची दोन्ही दारे बंद झाली, आणि तीही अशा दोन वर्षांमुळे, जी आईवडिलांनी पोटाला चिमटा काढून, तिच्या भल्यासाठी खर्च केली.

इंजिनिअरिंगला तर याच्या उलट होते, तेही पाहा. एन.आय.टी.मध्ये निम्म्या जागा गृहराज्याच्या विद्यार्थ्यांना असतात. तिथे गृहराज्य ठरते ते बारावी कुठून उत्तीर्ण झालात त्यावरून. डोमिसाईल नाही, जन्म नाही, फक्त बारावी. म्हणजे इंदूरचा मुलगा बारावीला पुण्यात बसला, तर भोपाळच्या एन.आय.टी.त तो बाहेरचा झाला आणि नागपूरच्या एन.आय.टी.त गृहराज्याचा झाला. आय.आय.टी.त गृहराज्याचा कोटाच नाही. तिथे कुठूनही बारावी झाली तरी फरक पडत नाही.

कर्नाटकाची रीत आणखी वेगळी. तिथल्या परीक्षा प्राधिकरणाच्या नियमांत मुख्य अट अशी आहे की, पहिली ते बारावी यांपैकी किमान सात वर्षे राज्यात शिकलेले असावे आणि दहावी किंवा बारावी यांपैकी एक तरी तिथून उत्तीर्ण असावी. तेव्हा बेळगावात दहावीपर्यंत शिकून दोन वर्षांसाठी कोल्हापूरला गेलेल्या मुलाची तितकी कोंडी होत नाही. शिवाय सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राने आपल्या प्रवेश-नियमांत वेगळा वर्ग ठेवला आहे. इंजिनिअरिंगच्या अर्जात त्याला 'ई' प्रकार म्हणतात. कर्नाटकही जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर इकडच्या कन्नड भाषकांसाठी 'गडिनाडू' म्हणून अशीच सोय ठेवते. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद यांच्यासाठी महाराष्ट्राने अशी सोय केलेली नाही. सीमावादातली गावे आणि दूरची जुनी वस्ती यांत महाराष्ट्राने केलेला हा फरक आहे. त्याबद्दल रुसून काही होणार नाही. तो लक्षात ठेवून पावले टाकायची आहेत.

मी पुण्याला पाठवू नका असे म्हणत नाही. नववीच्या आधी मुलाला नेमके कुठे जायचे आहे ते बोला, ज्या त्या राज्याची प्रवेश-पुस्तिका वाचा आणि मग ठरवा. दहावीचा निकाल हातात आल्यावर हा विचार सुरू केला, तर काही राज्यांत तोवर उशीर झालेला असतो.

जातीच्या दाखल्याचे

एक नाजूक पण आवश्यक विषय. १९९० साली मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजच्या प्रवेशावरून मर्री चंद्रशेखर राव खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने दिला. मूळ आंध्रातील अनुसूचित जमातीच्या एका मुलाने, वडिलांच्या नोकरीमुळे मुंबईत वाढल्यावर, महाराष्ट्रात राखीव जागा मागितली. न्यायालयाने म्हटले की, अनुसूचित जाती आणि जमातींच्या याद्या राज्यवार आहेत, त्यामुळे स्थलांतर केलेल्याला मूळ राज्यातला दर्जा नव्या राज्यात आपोआप मिळत नाही.

जुन्या वस्तीच्या कुटुंबांना यातला बारकावा महत्त्वाचा आहे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० या राष्ट्रपतींच्या आदेशांच्या तारखा आहेत. त्या वेळी कुटुंबाचे कायमचे वास्तव्य ज्या राज्यात होते, तिथला दाखला धरला जातो. आपल्यातली पुष्कळ कुटुंबे त्याआधीच इथे आलेली आहेत. ती "स्थलांतरित" नव्हेत, पण कचेरीत हे तोंडी सांगून चालत नाही, कागद लागतो. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, मिलच्या नोकरीचे पत्र, घराची सनद, जुनी मतदारयादी, जन्म-मृत्यूची नोंद. हे कागद ट्रंकेत असतील तर बाहेर काढा. जात त्या राज्याच्या यादीत आहे की नाही, तेही तपासा, कारण तीच जात एका राज्यात यादीत असते आणि दुसऱ्यात नसते.

मुधोळकरांची झुंज

इथवर पत्त्याचे झाले. आता भाषेचे.

विद्यापीठात आपली भाषा कायद्याने कुठे उभी राहते, हे विचारणारा पहिला मोठा खटला एका मराठी माणसाचा आहे, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असेल. गुजरात विद्यापीठ विरुद्ध कृष्ण रंगनाथ मुधोळकर. मुधोळकरांचा मुलगा मार्च १९६० मध्ये एस.एस.सी. झाला, मराठी माध्यमातून. दोनच महिन्यांत द्वैभाषिक मुंबई राज्य फुटले आणि गुजरात वेगळा झाला. मुलगा अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजात पहिल्या वर्षाला इंग्रजी तुकडीत शिकला. पुढच्या वर्षी प्राचार्यांनी सांगितले की, विद्यापीठाच्या परवानगीवाचून त्याला इंग्रजी तुकडीत घेता येणार नाही, कारण विद्यापीठाने गुजराती किंवा हिंदी हेच माध्यम ठरवले होते.

वडील गुजरात उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. विद्यापीठ व राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६२ साली निकाल लागला, तोही मुख्य मुद्द्यावर मुधोळकरांच्या बाजूने. एकच माध्यम सक्तीने लादण्याचा अधिकार त्या विद्यापीठाच्या कायद्यात नाही, आणि माध्यमाचा निर्णय उच्च शिक्षणाच्या दर्जावर परिणाम करत असेल तर तो केंद्राच्या ६६व्या नोंदीच्या कक्षेत येतो, असे न्यायालयाने सांगितले. केंद्र आणि राज्य यांच्या शिक्षणविषयक अधिकारांची हद्द समजून घ्यायला आजही हा निकाल वाचला जातो. पुढे १९७१ साली भटिंड्याच्या डी.ए.व्ही. कॉलेजच्या खटल्यात न्यायालयाने आणखी सांगितले की, विद्यापीठाला संलग्न असलेल्या अल्पसंख्याकांच्या कॉलेजवर एकाच भाषेचे माध्यम लादणे घटनेत बसत नाही.

एका बापाने मुलाच्या वर्गासाठी भांडण काढले आणि सगळ्या देशाला कायदा मिळाला. त्याच्या मागे कुठले मोठे सैन्य नव्हते. हक्क कुठे आहे हे त्याने पाहिले आणि तो मागितला.

आज असा मागण्याजोगा एक हक्क समोर आहे. नीटची परीक्षा १३ भाषांतून होते आणि त्यांत मराठी आहे. ऐकायला छान. पण २०२५ च्या माहितीपुस्तिकेप्रमाणे मराठी प्रश्नपत्रिका फक्त महाराष्ट्रातल्या केंद्रांवर मिळते. इंग्रजी, हिंदी आणि उर्दू देशात सगळीकडे. जे.ई.ई. मेनलाही मराठीसाठी तीच अट. म्हणजे बेळगावातल्या, पणजीतल्या किंवा वडोदऱ्यातल्या मराठी शाळेतून आलेल्या मुलाला मराठी प्रश्नपत्रिका हवी असेल, तर परीक्षेसाठी गाडी पकडून महाराष्ट्रात जायचे. सावंतवाडीच्या केंद्रावर बसणाऱ्या मुलाला जी भाषा मिळते, ती हद्दीपलीकडे पेडण्यातल्या मुलाला मिळत नाही. परीक्षा केंद्राची, पुस्तिका द्विभाषिक, छपाई आधीच झालेली. इथे तर नियम राज्याचाही नाही. दिल्लीतल्या एका संस्थेने तो बदलायचा आहे, आणि तेवढ्यासाठी कायदा बदलावा लागत नाही.

न वापरलेले कलम

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. घटनेचे ३०वे कलम धर्मावर किंवा भाषेवर आधारलेल्या अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देते. "धर्म किंवा भाषा" असे शब्द आहेत. ३१ ऑक्टोबर २००२ रोजी अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने टी. एम. ए. पै खटल्यात ठरवले की, अल्पसंख्याक कोण हे राज्य धरून मोजायचे. देशात मराठी भाषक २०११ च्या जनगणनेत ८ कोटींहून अधिक आहेत, तरी मध्य प्रदेशात आपण १२ लाखांच्या आसपास, गुजरातेत ९ लाखांच्या आसपास, कर्नाटकात २० लाखांच्या आसपास. या प्रत्येक राज्यात आपण भाषिक अल्पसंख्याक आहोत.

या दर्जाने काय मिळते? संस्थेला आपल्या भाषकांसाठी काही जागा राखता येतात. २००५ च्या ९३व्या घटनादुरुस्तीने खासगी संस्थांतही आरक्षण आणण्याची मुभा सरकारला मिळाली, पण अल्पसंख्याक संस्थांना त्यातून वगळले. मुंबईत जाऊन पाहा. जयहिंद, के. सी. ही सिंधी भाषकांच्या संस्थांची कॉलेजे, मिठीबाई हे गुजराती भाषकांच्या संस्थेचे. दर जून-जुलैत "सिंधी अल्पसंख्याक", "गुजराती अल्पसंख्याक" अशा वेगळ्या गुणवत्ता-याद्या तिथे लागतात. महाराष्ट्रात राहणाऱ्या इतर भाषकांनी जे कलम पुरेपूर वापरले, ते महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाने किती वापरले? आपली मंडळे जुनी आहेत, जागा मोक्याच्या आहेत, शाळा आहेत. गणेशोत्सव होतो, हळदीकुंकू होते, नाटक होते. मात्र किती मंडळांनी आपल्या शिक्षणसंस्थेसाठी भाषिक अल्पसंख्याक दर्जाचा अर्ज केला आहे? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक कार्यकारिणीने आपापल्या दप्तरात शोधावे.

या हक्काच्या मर्यादाही सांगतो, नाहीतर उगाच आशा वाढेल. २००५ च्या इनामदार निकालाप्रमाणे अशी संस्था मुख्यत्वे त्याच राज्यातल्या अल्पसंख्याकांसाठी असली पाहिजे. इंदुरात कॉलेज काढून ते जळगाव-धुळ्याच्या मुलांनी भरले, तर दर्जा टिकणार नाही. वैद्यकीय कॉलेज असेल तर नीट चुकत नाही, हे २०२० साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या खटल्यात पक्के झाले. आणि सर्वांत मोठी अडचण ही की, भाषिक अल्पसंख्याकांना दाद मागायला केंद्रात धार्मिक अल्पसंख्याकांसारखी जागा नाही. अल्पसंख्याक शिक्षणसंस्थांसाठी २००४ च्या कायद्याने जो राष्ट्रीय आयोग नेमला, त्याच्या व्याख्येत केंद्राने अधिसूचित केलेले धार्मिक समाजच येतात. आपल्यासाठी घटनेच्या ३५०-ब कलमाखाली भाषिक अल्पसंख्याक आयुक्त आहेत, पण त्यांचे काम चौकशी करून राष्ट्रपतींना अहवाल देण्याचे. दर्जाचे प्रमाणपत्र त्यांच्याकडून मिळत नाही. ते राज्य सरकारकडेच मागावे लागते, आणि ज्याच्याविरुद्ध कधी भांडावे लागेल त्याच्याच दारात हात पसरायचा, अशी ही स्थिती आहे.

करायचे काय?

मागण्या मी तीनच सुचवतो. पहिली, नीट आणि जे.ई.ई. मेनची मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्राबाहेरच्या ज्या शहरांत मराठी शाळा आणि मराठी वस्ती आहे, निदान तिथल्या केंद्रांवर मिळावी. दुसरी, २००४ च्या कायद्यात दुरुस्ती करून भाषिक अल्पसंख्याकांच्या संस्थाही त्या आयोगाच्या कक्षेत आणाव्यात. कलम धर्म आणि भाषा दोन्ही म्हणते, मग आयोग एकाच डोळ्याने का पाहतो? तिसरी, कोणत्याही राज्याने निवासाची किंवा शिक्षणाची अट बदलली, तर ती त्या वर्षी आठवीत असलेल्या मुलांपासून लागू व्हावी. अकरावीत बसलेल्या मुलाखालची सतरंजी ओढू नये. या तीन मागण्यांना कोणत्याही पक्षाच्या खासदाराला विरोध करायचे कारण नाही. म्हणून पक्ष न पाहता आपापल्या खासदाराकडे लेखी द्या आणि पोच घ्या. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, बेळगाव, पणजी, हैदराबाद इथून एकाच मजकुराची सहा पत्रे गेली, तर त्यांची दखल घ्यावी लागेल.

सरकारने काही करेपर्यंत मंडळांना करता येण्याजोगे पुष्कळ आहे. प्रत्येक मंडळाने आठवड्यातून एक संध्याकाळ दाखल्यांसाठी ठेवावी. निवृत्त कारकून, मास्तर, वकील आपल्यात भरपूर आहेत. त्यांनी आठवीपासूनच्या मुलांच्या पालकांना बसवून कोणता दाखला कुठल्या कचेरीतून निघतो, तो सांगावा. ज्यांना इंटरनेट चालवता येते त्या तरुणांनी राज्याराज्याच्या प्रवेश-पुस्तिका दरवर्षी उतरवून, त्यांतल्या निवासाच्या अटींचा पानभर मराठी सारांश सूचनाफलकावर लावावा. हे काम फक्त आपल्या जातीच्या किंवा आपल्या आळीच्या मुलांसाठी करू नका. रामबागेतल्या वाड्यातला मुलगा आणि मिल कामगाराचा नातू, दोघांनाही तीच रांग लावायची असते, आणि दुसऱ्याला माहितीची गरज जास्त असते.

आणखी एक. सरकारने पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ जाहीर केली आहे. गणनेला येणारा माणूस मातृभाषा विचारतो तेव्हा आपल्यातले कित्येक जण सहज "हिंदी लिहा" म्हणतात, गुजरातेत "गुजराती लिहा" म्हणतात. बोलण्यात त्या भाषा आल्या तर उत्तम, त्या आपल्याच आहेत. पण मातृभाषेच्या रकान्यात मराठी लिहिली नाही, तर अल्पसंख्याक म्हणून आपली मोजणीच कमी भरते, आणि मोजणीत जे नाहीत त्यांच्यासाठी कोणी प्रश्नपत्रिका छापत नाही.

मंडळी, आपण इथले आहोत हे सिद्ध करायला कागद हवा, आणि आपण मराठी आहोत हे टिकवायला संस्था हवी. पहिले काम प्रत्येक घराचे, दुसरे आपणा सर्वांचे मिळून. पहिले केले नाही तर मुलाचे एक वर्ष जाते. दुसरे केले नाही तर ते लगेच कोणाला जाणवत नाही. पंचवीस वर्षांनी मंडळाच्या सभागृहात खुर्च्या भरायला माणसे उरत नाहीत, तेव्हा जाणवते.

सभेनंतर कार्यवाहांच्या टेबलावर एक वही ठेवलेली आहे. ज्यांची मुले किंवा नातवंडे सातवी ते दहावीत आहेत, त्यांनी नाव आणि इयत्ता लिहून जावे. पुढच्या रविवारपासून आपण दाखल्यांच्या कामाला बसणार आहोत.